टीएमटी पॉझिटिव्ह आली, त्यानंतरचे दहा महिने

८ जानेवारी २०२५ला साताऱ्यात ट्रेडमिल टेस्ट झाली आणि अर्ध्या तासात चार पानांचा रिपोर्ट हातात पडला. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ होती: ‘टीएमटी पॉझिटिव्ह फॉर इंड्युसिबल इस्केमिया’, म्हणजे श्रम केले की हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं असं ट्रेडमिल टेस्टमध्ये दिसलं. काउंटरवरच्या मुलीने फाइल देताना ‘लगेच हार्टच्या डॉक्टरांना दाखवा’ एवढंच सांगितलं. हातपाय गार पडले. त्या चार पानांत सहा-सात आकडे असतात आणि पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यांवर होतात, हे तेव्हा माहीत असतं तर पहिली रात्र जरा बरी गेली असती. म्हणून हे तारीखवार लिहितो आहे. वय ५४, पुरुष, चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी, मधुमेह नाही, तंबाखू नाही.

तक्रार अशी होती: दिवाळीनंतर दुसरा जिना चढताना छातीच्या मधोमध भार यायचा आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत उतरायचा. फॅमिली डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. भार छातीच्या मध्यावर येतो का, श्रमाने किंवा मनस्तापाने येतो का, आणि विश्रांतीने काही मिनिटांत जातो का. तिन्हींना ‘हो’ असेल तर तो नमुनेदार अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत येणारा भार; दोनांना असेल तर अर्धवट, एकालाच असेल तर दुखणं बहुधा हृदयाचं नाही. हे प्रश्न टेस्टच्या आधी विचारायचे असतात, कारण ट्रेडमिल टेस्ट स्वतः फार अचूक नाही. १९८९ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा, की खरोखर ब्लॉकेज असलेल्या १०० जणांपैकी साधारण ६८ जणांची टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि ब्लॉकेज नसलेल्या १०० पैकी ७७ जणांचीच निगेटिव्ह येते. म्हणजे काहीही तक्रार नसलेल्या पस्तिशीतल्या बाईची टेस्ट हेल्थ चेकअपमध्ये पॉझिटिव्ह आली, तर ती खोटी असण्याची शक्यता मोठी. चोपन्न वर्षांच्या, तिन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणणाऱ्या पुरुषाची आली, तर ती बहुधा खरी. कागदावर ओळ तीच असते, अर्थ वेगळा होतो.

टेस्टचा खर्च १,८०० रुपये. दोन-तीन तास आधी हलकं खाऊन जायचं, पायात बूट हवेत, चपलेवर पट्ट्यावर चालता येत नाही. छातीवर दहा इलेक्ट्रोड चिकटवतात. केस असतील तर तिथेच दाढीच्या ब्लेडने काढतात, कारण इलेक्ट्रोड सैल राहिला की आलेख थरथरतो आणि मशीन चुकीचं वाचतं. बीटाब्लॉकर चालू असेल, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी, तर ती टेस्टआधी बंद करायची की नाही हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. स्वतःहून एकदम बंद करायची नाही, त्याने अंजायना उसळतो.

चालण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉलचीच असते. अमेरिकेत सिएटलला रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरांनी ती बसवली. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात: पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसऱ्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. तिसऱ्या टप्प्यावर चालणं आणि पळणं यांच्या मधली काहीतरी कसरत होते. दांडी घट्ट धरून अंगाचा भार हातांवर टाकला तर पायांचं काम कमी होतं आणि टेस्ट खोटीच चांगली येते, म्हणून बोटं नुसती टेकवायची. भार आला, चक्कर आली, पाय गळाले तर तसं लगेच सांगायचं. कुठल्या मिनिटाला काय झालं याची नोंद हीसुद्धा निकालाचा भाग असते.

आता रिपोर्टमधले आकडे. २२० वजा वय म्हणजे कमाल नाडी. माझ्या बाबतीत १६६. तिच्या ८५ टक्के, म्हणजे १४१ ठोके, गाठले तर टेस्ट पुरेशी झाली असं मानतात. इथे १४९ गाठले होते. तेवढे न गाठता टेस्ट निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ ‘अपुरी’ असा घ्यायचा, निगेटिव्ह असा नाही. वेळ ७ मिनिटं ३० सेकंद. क्षमता सुमारे ९ मेट. बसल्या जागी शरीराला जेवढा प्राणवायू लागतो तो १ मेट, आणि दोन जिने न थांबता चढायला साधारण ४ लागतात. रक्तदाब १३०वरून १७२वर गेला. श्रमात वरचा आकडा वाढायलाच हवा, तो उलट खाली आला तर ते वाईट लक्षण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एसटी सेगमेंट, म्हणजे ईसीजीत प्रत्येक ठोक्याच्या टोकानंतर येणारा सपाट भाग: व्ही-४ ते व्ही-६ या लीड्समध्ये (छातीच्या डाव्या बाजूच्या इलेक्ट्रोडच्या नोंदींत) १.५ मिलिमीटर आडवं खाली गेलेलं, साडेसहाव्या मिनिटापासून सुरू होऊन विश्रांतीच्या चौथ्या मिनिटापर्यंत टिकलेलं. १ मिलिमीटर किंवा अधिक, आणि आडवं किंवा खाली उतरतं असेल तर पॉझिटिव्ह. वर चढत जाणाऱ्या घसरणीला तेवढं वजन नसतं. कोणत्या लीडमध्ये खाली गेलं यावरून कोणती रक्तवाहिनी अडली आहे हे मात्र ठरत नाही. ‘व्ही-४, व्ही-५ म्हणजे पुढची नळी बंद’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नये.

हे आकडे जोडण्याची एक सोपी बेरीज-वजाबाकी आहे, ड्यूक स्कोअर. चाललेली मिनिटं, वजा एसटीच्या मिलिमीटरची पाचपट, वजा छातीतल्या त्रासाची चौपट (त्रास नसेल तर ०, झाला पण चालता आलं तर १, त्रासामुळेच थांबावं लागलं तर २). इथे ७.५ वजा ७.५ वजा ४, म्हणजे उणे ४. अधिक ५ किंवा वर असेल तर जोखीम कमी, अधिक ४ ते उणे १० मध्यम, उणे ११ किंवा खाली जास्त. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ड्यूक विद्यापीठाच्या पाहणीत बाह्यरुग्णांपैकी चार वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण कमी जोखमीत ९९ टक्के, मध्यमात ९५ आणि जास्त जोखमीत ७९ होतं. त्या रात्री मला हा ९५चा आकडा माहीत नव्हता. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने डोक्यात वेगळेच आकडे तयार केले होते.

दुसऱ्या दिवशी, ९ जानेवारीला, कार्डिओलॉजिस्ट. फी ८००, त्याच ठिकाणी टू-डी इको १,८००. इकोमध्ये पंपिंग ६० टक्के, कुठलीही भिंत अशक्त नाही. डॉक्टर म्हणाले, “सोमवारी दाखल व्हा, अँजिओग्राफी करू, लागलं तर त्याच वेळी स्टेंट टाकू.” तक्रार नमुनेदार आणि टेस्ट पॉझिटिव्ह असताना हा सल्ला अवाजवी नव्हता. पण मी तिथे दोन प्रश्न विचारले आणि ते विचारायची सवय प्रत्येकाने करावी असं मनापासून वाटतं: “डॉक्टर, हे तातडीचं आहे का? आणि आठ-दहा दिवस थांबलो तर त्या दिवसांत काय घ्यायचं?” उत्तर मिळालं, की तातडीचं नाही, पण महिना-दोन महिने लांबवू नका. आणि चार औषधं सुरू झाली: ॲस्पिरिन ७५, ॲटोरव्हास्टॅटिन ४० (कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन), मेटोप्रोलॉल २५, आणि खिशात ठेवायला सॉर्बिट्रेट ५.

सॉर्बिट्रेटबद्दल सविस्तर लिहितो, कारण ती चिठ्ठीवर लिहून दिली जाते, पण कशी घ्यायची हे क्वचितच कुणी सांगतं. भार आला की आधी बसायचं, मग गोळी जिभेखाली ठेवायची. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून चक्कर येऊन पडायला होतं. डोकं ठणकतं, ते अपेक्षित आहे. पाच मिनिटांत भार उतरला नाही तर वाट न पाहता १०८ला फोन करायचा. लैंगिक क्षमतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल घेत असाल तर डॉक्टरांना संकोच न करता सांगा. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट आहे, आणि नायट्रेटबरोबर त्या गोळ्यांनी रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

थांबणं कुणाला परवडत नाही तेही इथेच सांगायला हवं. बसल्या जागी भार येणं, दिवसेंदिवस कमी श्रमात येऊ लागणं, वीस मिनिटं टिकणं, सोबत दरदरून घाम; किंवा टेस्टमध्ये पहिल्याच टप्प्यात बदल दिसणं, रक्तदाब खाली येणं, एसटी वर उचललं जाणं. यातलं काहीही असेल तर दुसरं मत वगैरे नंतर. त्याच दिवशी दाखल व्हायचं.

पुढचे चार दिवस रक्ततपासण्यांत गेले: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, थायरॉइड, पोटॅशियम, एचबीए१सी, लिपिड. हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा पोटॅशियम घसरलं असेल तर निरोगी हृदयाचाही एसटी खाली जातो. डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल किंवा मूळ ईसीजीतच डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विद्युत वाहिनीचा अडथळा) असेल तर साधी टीएमटी वाचताच येत नाही. माझं सगळं ठीक होतं, फक्त एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८. संक्रांत मध्येच आली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला रिपोर्ट सांगत बसायचं नाही असं आम्ही ठरवलं, आणि ते बरं झालं, कारण प्रत्येकाच्या ओळखीत एक स्टेंटवाला आणि एक ‘काढ्याने ब्लॉकेज गेलं’वाला असतो.

१६ जानेवारीला पुण्यात दुसरं मत. इथे एक गोष्ट कामी आली: टीएमटीचा फक्त निष्कर्ष न नेता सगळ्या टप्प्यांच्या आलेखांची पूर्ण प्रत नेली होती. मशीन अनेक ठोक्यांची सरासरी काढून जो स्वच्छ आलेख छापतं, त्यात थरथर मिसळून खोटी घसरण दिसू शकते. दुसऱ्या डॉक्टरांनी सरासरी बाजूला ठेवून मूळ पट्ट्या पाहिल्या, स्केलने मोजल्या आणि ‘हे खरं आहे’ म्हणाले. मग पर्याय मांडले. थेट अँजिओग्राफी हा एक. स्ट्रेस थॅलियम हा दुसरा. नाव जुनं राहिलंय, आता बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात, आणि स्नायूच्या किती भागाला रक्त कमी पडतं ते त्यात कळतं. तिसरा सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, ज्यात नळ्यांचा आकार दिसतो. त्यांनी सीटी निवडली. कारण साधं होतं: आधी मुख्य डावी नळी मोकळी आहे ना हे कळायला हवं. ती निम्मी किंवा जास्त अडली असेल तर औषधांवर थांबण्याचा प्रश्नच उरत नाही.

सीटी २१ जानेवारीला झाली. ९,५०० रुपये, नंबर पाच दिवसांनी लागला. चार तास उपाशी, आदल्या संध्याकाळपासून चहा-कॉफी बंद. चहा बंद हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण नाडी ६०-६५च्या वर असेल तर चित्र हलतं आणि फेरतपासणी करावी लागते. तासभर आधी मेटोप्रोलॉलची जादा मात्रा देऊन माझी नाडी ७४वरून ५८वर आणली. उजव्या कोपरात जाड सुई. आधी रंगद्रव्याशिवाय नळ्यांच्या भिंतींतल्या कॅल्शियमचं मोजमाप, मग जिभेखाली सॉर्बिट्रेट, मग रंगद्रव्य. ते शिरताच अंगभर उष्णता पसरते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. श्वास दहा-बारा सेकंद रोखायचा असतो, त्याचा सराव आधी करवून घेतात. नंतर दिवसभर भरपूर पाणी. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट नसेल तर परत पाठवतात, तो आठवणीने न्यावा. मूत्रपिंडं कमजोर असतील आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर ती थांबवायची का तेही आधी विचारावं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. कॅल्शियम स्कोअर २१२. मुख्य डावी नळी स्वच्छ. एलएडीच्या, म्हणजे पुढच्या मोठ्या नळीच्या, मधल्या भागात ५० ते ६९ टक्के, उजव्या नळीत ३० ते ४०. शेवटी ‘कॅड-रॅड्स ३’, ही सीटीत दिसलेल्या ब्लॉकेजची श्रेणी, म्हणजे मध्यम. कॅल्शियमचा थर सीटीत फुगून दिसतो, त्यामुळे टक्केवारी जरा वाढीव येऊ शकते, हे डॉक्टरांनी आपणहून सांगितलं.

निर्णयाची बैठक २७ जानेवारीला, फी १,२००, पण चाळीस मिनिटं दिली. त्यांचं बोलणं माझ्या शब्दांत. इस्केमिया नावाची मोठी चाचणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातली रुग्णालयंही होती. सगळ्यांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम ते तीव्र दोष होता. निम्म्यांची आधीच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केली, निम्म्यांना आधी फक्त औषधं दिली. सरासरी तीनेक वर्षांनी मृत्यू आणि हार्ट अटॅक मिळून दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. फरक पडला तो छातीतल्या त्रासात: ज्यांना वारंवार भार येत होता त्यांना स्टेंट किंवा बायपासने जास्त आराम मिळाला. मात्र मुख्य डाव्या नळीत मोठं ब्लॉकेज असलेले, पंपिंग ३५च्या खाली असलेले आणि नुकताच अटॅक आलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यांनी या निष्कर्षावर विसंबू नये. मधुमेह आणि तीन नळ्यांत ब्लॉकेज असेल तर हिशेब आणखी निराळा. २०१२च्या फ्रीडम चाचणीत अशा रुग्णांना स्टेंटपेक्षा बायपास जास्त तारक ठरली.

म्हणजे माझ्यासारख्या स्थिर रुग्णात स्टेंटचा प्रश्न असा उभा राहतो: औषधांनंतरही त्रास उरतो का? आयुष्य वाढवायचं मुख्य काम स्टॅटिन, ॲस्पिरिन, रक्तदाब आणि चालणं करतं; स्टेंट अडलेल्या एका जागेचा त्रास कमी करतो. हे ऐकल्यावर मनावरचं ओझं खरोखर हललं. आम्ही तीन महिने औषधं घ्यायचं ठरवलं.

त्या तीन महिन्यांत एक वही ठेवली. तारीख, काय करत होतो, किती वाजता, भार दहापैकी किती, सॉर्बिट्रेट लागली का. पुढच्या भेटीत ‘बरं आहे पण अधूनमधून होतं’ असं मोघम बोलण्यापेक्षा ही वही डॉक्टर आवडीने वाचतात. मेटोप्रोलॉल २५ची ५० केली. आठवडाभर सुस्ती, मग सरावली. १२ मार्चला एलडीएल १४८वरून ७६वर आलं. डॉक्टरांना ५५च्या जवळ हवं होतं, म्हणून एझेटिमाइब १० जोडली. एकट्या ॲटोरव्हास्टॅटिन ४०ने एलडीएल साधारण निम्मं होतं. तिची मात्रा दुप्पट केली तरी फायदा फारतर सहा टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे दुसरी गोळी जोडणं जास्त उपयोगी पडतं. औषधांचा खर्च महिना सातशेच्या आसपास होता. यातल्या बऱ्याच गोळ्या जनऔषधी दुकानात मिळाल्यावर तो निम्म्याहून कमी झाला.

२८ एप्रिलला एलडीएल ५७. वहीत मात्र आठवड्याला तीन-चार नोंदी उरल्याच होत्या, विशेषतः जेवणानंतर चढावर चालताना. नाडी ५६, म्हणजे बीटाब्लॉकर आणखी वाढवायला जागा नाही. नायट्रेटची दिवसभर चालणारी गोळी किंवा रॅनोलाझिन ही अंजायनाची दुसरी गोळी जोडणं हा एक मार्ग होता, अँजिओग्राफी हा दुसरा. दुसरा घेतला, एका अटीवर: एलएडीतला दाब मोजून मगच स्टेंटचं ठरवायचं. या मोजणीला एफएफआर म्हणतात. ब्लॉकेजच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट उरतो तो आकडा. ०.८० किंवा त्याखाली असेल तर अडथळा खरोखर रक्त अडवतो आहे. त्यावर असेल तर डोळ्यांना अरुंद दिसली तरी ती जागा सोडून द्यायची.

इथे कागदपत्रांचा भाग सुरू होतो. आधी संमतीपत्र. त्यावर बहुधा छापलेलं असतं: ‘अँजिओग्राफी, एसओएस अँजिओप्लास्टी’. म्हणजे गरज पडली तर लगेच प्लास्टी (फुग्याने नळी रुंद करून स्टेंट बसवणं) करायला आधीच सही. नाहीतर मध्येच डॉक्टर कॅथलॅबच्या (अँजिओग्राफीच्या खोलीच्या) दारात येतात आणि बाहेर बसलेल्या बायकोला किंवा मुलाला दोन मिनिटांत उत्तर द्यायला सांगतात. ती वेळ कुणावरही येऊ नये. आम्ही आदल्या दिवशी डॉक्टरांसमोर ठरवून हाताने लिहिलं: एलएडीत एफएफआर ०.८० किंवा कमी आलं तर एक स्टेंट; मुख्य डावी नळी किंवा तीन नळ्या निघाल्या तर काहीही न करता बाहेर आणायचं आणि सर्जनशी बोलायचं. डॉक्टरांनी त्यावर आनंदाने सही केली.

मग पैसे. अंदाजपत्रकात स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली आहे का ते पाहावं. फेब्रुवारी २०१७मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. ती वेळोवेळी बदलत आता एकोणचाळीस हजारांच्या आसपास आहे. बिलात कंपनी, बॅच आणि किंमत स्वतंत्र दाखवावी लागते. आमच्या अंदाजपत्रकात एफएफआरच्या तारेचे तीस हजार वेगळे होते.

विम्याच्या कॅशलेससाठी पॉलिसी कार्ड, आधार, पॅन, टीएमटी, सीटी आणि दाखल करण्याची चिठ्ठी लागली. या चिठ्ठीत ‘रक्तदाब किती वर्षांपासून’ हा रकाना नीट वाचावा. घाईत कनिष्ठ डॉक्टरांनी ४च्या जागी १४ लिहिलं होतं आणि कंपनीने त्यावरच शंका काढली. दुरुस्त चिठ्ठी आणि चार वर्षांपूर्वीचा पहिला कागद दिल्यावर मंजुरी आली, पण अर्धा दिवस गेला. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असते, हे काउंटरवर शांतपणे सांगता येतं. खोली पॉलिसीतल्या भाड्याच्या मर्यादेतच घ्यावी, नाहीतर इतर शुल्कांतही त्याच प्रमाणात कात्री लागते.

विमा नसेल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. रेशन कार्ड आणि फोटो ओळखपत्र घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जायचं, पैसे भरून दाखल झाल्यावर नाही. हेल्पलाइन १५५३८८. वय सत्तर किंवा त्यापुढे असेल तर उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्यात वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तिथे समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

१२ मे, सोमवार. सकाळी साडेनऊला कॅथलॅब. उजव्या मनगटातून, फक्त तेवढी जागा बधिर करून. नळी पुढे सरकताना दंडात ओढ लागते, छातीत काही कळत नाही. एफएफआरच्या वेळी ॲडेनोसिन दिलं तेव्हा मिनिटभर छाती दाटून आली आणि धाप लागली. ते होणार असं आधी सांगितलं होतं म्हणून घाबरायला झालं नाही. आकडा आला ०.७४. तीन मिलिमीटर रुंद, अठ्ठावीस लांब, एक स्टेंट. फुगा फुगवताना तोच ओळखीचा भार वीसेक सेकंद आला आणि फुगा उतरवताच गेला. त्यावरून, जिन्यातला त्रास याच जागेचा होता हेही कळलं. उजवी नळी तशीच ठेवली.

मनगटावर हवेचा पट्टा बांधतात आणि थोडी थोडी हवा काढत दोनेक तासांत सोडतात. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच नर्सला सांगायचं. त्या हाताने पाच-सहा दिवस बादली उचलायची नाही, दुचाकी चालवायची नाही. दुसऱ्या दिवशी घरी. बिल २,२६,४००, विम्याने २,११,९०० दिले, उरलेले हातमोजे-सिरिंजसारख्या वस्तूंचे आम्ही भरले. डिस्चार्ज घेताना स्टेंटचं स्टिकर आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घ्यावी. आपणहून देतातच असं नाही.

विम्याची एक गोष्ट उशिरा कळली. दाखल होण्याआधीच्या ६० दिवसांतला बाह्यरुग्ण खर्च माझी पॉलिसी देत होती. त्यामुळे एप्रिलच्या तपासण्या आणि औषधांचे पैसे परत आले, पण जानेवारीतली टीएमटी, इको आणि सीटी मुदतीबाहेर गेली. औषधं आधी घ्यायचा निर्णय त्यामुळे बदलला नसता, पण हे गृहीत धरून बजेट केलं असतं. मूळ बिलं आणि चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये ठेवल्या होत्या, म्हणून दावा एकवीस दिवसांत निघाला.

स्टेंटनंतर ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल ७५ ही रक्ताची गुठळी रोखणारी दुसरी गोळी सुरू झाली, सहा महिन्यांसाठी. अटॅक येऊन स्टेंट पडला असेल तर साधारण वर्षभर. यात एकही दिवस चुकवायचा नाही, कारण सुरुवातीच्या महिन्यांत गोळी सुटली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि ती थेट मोठा अटॅक घेऊन येते. ऑगस्टमध्ये दाढ काढायची वेळ आली. दंतवैद्यांनी गोळ्या पाच दिवस बंद करा म्हटलं. कार्डिओलॉजिस्टना फोन केला, दोन्ही चालू ठेवून दाढ काढली, रक्त थोडा जास्त वेळ वाहिलं, कापूस अर्धा तास दाबून धरावा लागला एवढंच. आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल चालते. क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल टाळतात, दुकानदार बदली देत असेल तर स्ट्रिपवरचं नाव वाचावं.

चालणं पाचव्या दिवसापासून, दहा मिनिटं सपाट रस्त्यावर, दर आठवड्याला पाच-दहा मिनिटं वाढवत दीड महिन्यात चाळीस मिनिटं. बीटाब्लॉकर चालू असताना नाडीचे पुस्तकी आकडे लागू पडत नाहीत. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, हे माप पुरतं. त्रास नसेल तर स्टेंटनंतर उगीच दरवर्षी टीएमटी करत राहायची गरज नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वहीतली शेवटची नोंद ११ मेची आहे.

१२ नोव्हेंबरला क्लोपिडोग्रेल थांबली. ॲस्पिरिन, स्टॅटिन, एझेटिमाइब आणि रक्तदाबाची टेल्मिसार्टन चालू आहेत, मेटोप्रोलॉल पुन्हा २५वर आली आहे. रक्तदाब १२४/७८, एलडीएल ५४. त्या भेटीत डॉक्टरांनी धाकट्या भावाचं आणि दोन्ही मुलांचं वय विचारलं आणि तिघांसाठी लिपिड, साखर आणि रक्तदाबाच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. टीएमटी कुणालाच लिहिली नाही, कारण तिघांपैकी कुणालाही तक्रार नाही. भावाचं एलडीएल १६२ निघालं आणि त्याची गोळी सुरू झाली आहे.